नाना, मोती आणि न पिकणारा बिंदू

जगात जे काही आहे ते एक तर कच्चं, नाहीतर पिकलेलं, अशी धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या घरमालक नानांची ठाम समजूत होती. उमेदीची सगळी वर्षं केळी पिकवण्याच्या वखारीत गेली. तोच न्याय त्यांनी संसारालाही लावला. छप्पर गळतंय म्हटलं की म्हणत, "पिकू दे." शेजारच्या दोघा भावांचं भांडण मिटवायला बोलावलं, तर दारातूनच कानोसा घेऊन परत आले. "अजून कच्चं शे भाऊ!" माझ्या लग्नाबद्दलही त्यांनी आईला हाच सल्ला दिला, ते मी अजून विसरलेलो नाही.

नव्वद सालाच्या आसपास त्यांच्या मोती नावाच्या कुत्र्याचा उजवा डोळा लाल, धुरकट झाला, तेव्हा नानांना डॉक्टर लागलाच नाही. मोतीलाच मोतीबिंदू, याची त्यांना गंमत वाटली. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, हे तर त्यांच्या तत्त्वात चपखल बसणारं. रोज पापणी उचलून बघायचे आणि समाधानानं म्हणायचे, "पिकी ऱ्हायना," म्हणजे पिकतोय. मोतीनं खाणं सोडलं तेव्हा मीच दोघांना रिक्षात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापण्यांवरून डोळे दाबून पाहिले.

"नाना, हा काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो. हा पिकत नसतो, नजर घेऊन जातो. उजवा गेला. डावा वाचवायचा तर आजपासून थेंब घाला."

नानांचा चेहरा मला बघवेना.

थेंब माणसांचेच. मेडिकलवाल्या शेठनं चिठ्ठी वाचून विचारलं, "मोती, वय सहा? एवढ्या लहान पोराला काचबिंदू?" नाना म्हणाले, "मन्हा पोऱ्याच शे तो."

मग सकाळी सात, संध्याकाळी सात, डाव्या डोळ्यात एकेक थेंब. या औषधानं हृदयाचे ठोके मंदावू शकतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाना मोतीच्या छातीला हात लावून, घड्याळ बघत ठोके मोजायचे. मोती निवांत, श्वास अडकलेला नानांचा. एकदा तर व्याही जेवायला बसलेले असताना सात वाजले म्हणून हे भरल्या ताटावरून उठले.

पुढे माझी जळगावला बदली झाली. वर्षभरानं गेलो, तर अंगणात नाना मोतीच्या डावीकडे जमिनीवर बसलेले. त्यांनी उडवलेला भाकरीचा तुकडा मोतीनं हवेतच पकडला.

"दिसस त्याले!" नाना हसले. मग हळूच म्हणाले, "तो डोया मन्हामुये गया रे."

मी उजवीकडून मोतीजवळ जाऊ लागलो, तसा त्यांनी हात आडवा केला.

"डाव्या बाजूनी ये भाऊ. तू त्याले दिसाले पायजे."

मी वळसा घालून गेलो. मोतीनं एका डोळ्यानं मला नीट पाहिलं आणि शेपटी हलवली.