टिंबानं सुरू होणारी फाईल

धुळ्याच्या कॉलेजात मी मुलांच्या प्रोजेक्टसाठी एक साचा बनवून ठेवला होता. सगळ्यांनी त्यातूनच सुरुवात करायची. त्यात .gitignore नावाची छोटी फाईल होती. कोणत्या फाईली इंटरनेटवर चढवायच्या नाहीत, त्यांची ती यादी. नाव टिंबानं सुरू होतं, म्हणून फोल्डर उघडलं तरी ती दिसत नाही. पासवर्डची फाईल त्या यादीत मी आठवणीनं घातली होती.

साचा वाटायच्या दिवशी लॅबचं नेट बंद होतं. मी तो पेनड्राइव्हवर घेतला आणि दिला सगळ्यांना.

आठवड्याभरानं साक्रीकडची एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. तिच्या ईमेलवरून ओळखीच्या सगळ्यांना भलत्याच जाहिराती गेल्या होत्या, गावच्या शाळेतल्या बाईंनासुद्धा. तिचा प्रोजेक्ट ईमेल पाठवणारा होता; त्यात ठेवलेला पासवर्ड प्रोजेक्टबरोबर इंटरनेटवर उघड्यावर गेला होता.

"यादीची फाईल काढून टाकलीस ना?" मी वर्गासमोरच विचारलं.

"नाही सर. ती आलीच नव्हती."

"मी स्वतः बनवलीय ती."

तिनं मान खाली घातली. वर्ग सुटल्यावर लॅब सांभाळणारे नाना माझ्याजवळ आले. "सर, पोर खरं बोली ऱ्हायनी. पेनड्राइव्ह एकदाव देखी ल्या."

नानांचा मान राखायचा म्हणून पाहिलं. कॉम्प्युटरला लपलेल्या फाईली दाखव म्हटलं, तरी यादीची फाईल नाहीच. कॉपी करताना मी चांदणीचं (*) चिन्ह दिलं होतं. त्याचा अर्थ 'सगळं घे', पण टिंबवाल्या फाईली त्यात धरल्या जात नाहीत. हे मी दर वर्षी शिकवतो. बाकीच्यांच्या प्रोजेक्टमध्ये पासवर्डच नव्हते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

रागावलो वर्गासमोर होतो, म्हणून तिची माफीही दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच मागितली. मग आम्ही दोघांनी बसून तिचा पासवर्ड बदलला. बाईंना पत्र मी लिहिलं, चूक माझी होती असं.

शेवटी तिनंच सुचवलं, "सर, साच्यात ती फाईल टिंबाशिवाय ठेवली तर? सगळ्यांना दिसेल. प्रोजेक्ट सुरू करताना टिंब लावायचं."

"आणि लावायला विसरले तर?"

"प्रोजेक्ट सुरू करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहू, त्यालाच टिंब लावू द्या. तो विसरणार नाही."

तो प्रोग्रॅम तिनंच लिहिला. आजही आमची मुलं तोच वापरतात.