तळघरातला कुलर

"कोणं पाणी सोडलं माया तळघरात? नाव सांगा त्याचं, नाई तर आज जेवत नाई मी!"

बाबा खालून ओरडत होते. कापडाच्या दुकानात "या ताई, बसा ताई" करून कमावलेला तो आवाज. वर्ध्यात सोडला तर कोसो दूरची गिरडची टेकडी चढणारा माणूस मागे वळून पाहायचा. आम्ही वर स्वयंपाकघरात होतो. आई भाजीला फोडणी देत होती, काका भाकरीची वाट पाहत होते, आणि मी नुकताच कॉलेजातून आलो होतो.

"नळ तर सकाळीच गेला," काका म्हणाले. "पाणी कोण सोडीन?"

"ओरडू द्या," आई म्हणाली. "वांग्याची भाजी हाये. जेवतीन बरोबर."

नव्वदच्या दशकात आमच्या भागात ज्याच्याकडे चार विटा उरल्या तो घरावर मजला चढवत होता. आमचे बाबा उलट्या दिशेने गेले. उन्हाळ्यात गच्चीवर दूध ठेवलं तर संध्याकाळी खवा उचलावा, असं आमचं ऊन. म्हणून घर बांधतानाच त्यांनी दुकानाचा माल ठेवायला खाली तळघर खोदून घेतलं. पण आमची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती पोटभर पाणी पिते आणि दिवाळीपर्यंत सोडत नाही. सोडलंच तर आमच्या भिंतीत सोडते. दसऱ्याच्या सुमाराला तळघराच्या भिंतीवर मेथी फेकली असती तर दिवाळीला भाजी खुडता आली असती. आगकाडी ओढली तर पेटायच्या आधी शिंकायची. मी वाढवून सांगत नाही, उलट थोडं राखूनच सांगतो आहे.

एरवी बाबांनी ही ओल चालवून घेतली असती. त्या वर्षी मात्र रोहणा गावचं गिऱ्हाईक यायचं होतं.

आमच्याकडे लग्नाचे सगळे कपडे एकदाच निवडून त्यांचा बस्ता बांधतात. लग्नघरी उंदीर असतात, पोरं असतात. म्हणून बांधलेला बस्ता पुष्कळ लोक लग्न जवळ येईपर्यंत दुकानदाराकडेच ठेवतात. या रोहण्याच्या शेतकऱ्याच्या थोरल्या मुलीचा बस्ता आदल्या साली अख्खा पावसाळा आमच्या तळघरात राहिला. मांडवात शालूची घडी मोडली आणि ओल्या पोत्याचा वास पार जेवणाच्या पंगतीपर्यंत गेला. नवरीच्या सासूने नाकाला पदर लावला. फोटोत ती तशीच आली, आणि पाहणाऱ्यांना वाटलं बाई लाजली. आता धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. शेतकऱ्याने बाबांना निरोप धाडला होता, "येतो. पण आधी नाकानं पाहीन, मंग डोळ्यानं." रोहण्याचं हे घर तुटलं असतं तर त्यांच्यामागून येणारे सगळे सोयरे तुटले असते. बाबांची झोप त्यात अडकली होती.

म्हणून दसऱ्यापासूनच तळघर सुकवायची मोहीम सुरू झाली. आईने कोपऱ्याकोपऱ्यात टोपल्यांतून चुन्याच्या कळ्या ठेवल्या. त्या ओल पिऊन पिऊन आपोआप फुटल्या आणि त्यांचं पीठ झालं. मग कडुनिंबाचा धूर केला. डास गेले, ओल तिथेच बसून राहिली. शेवटी काकांनी डोकं लावलं. उन्हाळा संपल्यावर जिन्याखाली ढकलून ठेवलेला कुलर तळघरात उतरवायचा, त्याच्या ताट्यांतलं गवत काढून टाकायचं, टाकी कोरडी ठेवायची आणि दार-खिडक्या उघडून नुसता पंखा सोडायचा. आमचा कुलर साधा नव्हता. पूर्ण सोडला की पलंगावरची चादर उडून थेट दोरीवर जाऊन पडायची.

बाबांनी जाहीर केलं की कुलरजवळ ते स्वतः बसणार, कारण बाकी सगळे झोपाळू. चटई, उशी, पानाचा डबा घेऊन ते खाली उतरले. दुकान काकांवर सोडलं.

आणि तळघर दिवसेंदिवस जास्तच ओलं होऊ लागलं. आधी भिंती नुसत्या दमट होत्या, आता त्यांना घाम फुटला. बाबा जेवायला वर आले की रोज नवा शोध लावायचे. शेजाऱ्याची विहीर फुटली. मग सावंगीकडून जमिनीखालून झरा येतो. मग तर वर्धा नदीनेच वाट बदलली आणि ती आमच्या तळघरातून जायचं म्हणते. काका बिचारे शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावून आले. पाणी होतं तिथेच होतं.

बाबा खालून ओरडले, तो हाच दिवस. गिऱ्हाईक दोन दिवसांवर आलं होतं. आईने गॅस बंद केला, हात पुसले आणि खाली उतरली. मागोमाग आम्ही.

तळघराचं दार लावलेलं. खिडकीही. आत बाबा खांद्यावर शाल घेऊन कुलरसमोर मांडी घालून बसले होते. गवताच्या ताट्या जागेवर, टाकी काठोकाठ, पंप सुरू. बाजूला रिकामी बादली.

"अवो, हे काय?" आईने विचारलं.

"काय म्हंजे? कुलर."

"यात पाणी कोणं भरलं?"

"मीच भरतो की रोज. तुम्हाले एवढं काम सांगाव काय?"

"दादा, कोरडा चालवाचा होता ना," काका म्हणाले.

"कोरडा? मले येडा समजतं काय तू? बिनापाण्याचा कुलर कोणं चालवला आजपर्यंत? गरम हवा फेकते तो."

"आन दार काऊन लावलं?" आई म्हणाली.

"थंडी बाहेर जाते ना सारी."

आईने पंपाचं बटण बंद केलं. मी आणि काकांनी टाकी उपसली, गवत काढलं, दार उघडलं. पुढचे दोन दिवस कुलरजवळ आई बसली, तांदूळ निवडत. भिंती कोरड्या झाल्या. ठणठणीत नाही, पण हात लावला तर हाताला काही लागेना.

रोहण्याचं गिऱ्हाईक आलं, तळघरात उतरलं. त्यांनी भिंतीला पंजा लावला, नवा शालू उलगडून त्यात चांगलं नाक खुपसलं. बाबा सुरूच होते. "पाहा भाऊ, राजस्थान करून टाकलं तळघराचं. एक झरा होता खाली, मोठा. हटवला मी. आता लग्नापर्यंत बस्ता इथंच राहू द्या, बिनफिकीर."

गिऱ्हाइकाने शालू निवडला, नऊवारी निवडल्या, फेटे निवडले. सगळं गाठोड्यात बांधून झालं. मग गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं.

"लगन माघात हाये," ते म्हणाले. "पण मी आजच नेतो."