त्यांच्या नावाची मूठ

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू मोजून घेतात, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. बाईमाणसाची मूठ नसते. आणि तो रोट भाऊबंदांतच संपवायचा, बाहेर कुणाला द्यायचा नाही. दोंडाईच्याजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले, तेव्हा हे पहिलं शिकले.

आमचे हे तेव्हा फौजेत होते. कुठे बर्फात होते म्हणे. मला बर्फ म्हणजे गोळ्यावाल्याकडचा, तेवढाच ठाऊक. सासूबाई त्यांची मूठ घालायला लागल्या, तशी शेजारीण म्हणाली, "अक्का, तो आठे नही, मंग त्यानी मूठ कसाले?" सासूबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "मना पोऱ्या कोठेबी ऱ्हावो, रोटना दिन तो घरमाच शे." मग मला म्हणाल्या, "त्याना वाटाना रोट तू खाय व बाई. त्याले पोचस."

मी खायची. पोचतं की नाही, देव जाणे. हे सुट्टीवर आले की हसायचे, "मना वाटाना रोट खाईसन तू जाडी व्हयनी, नि मी देख, कसा वाळी गऊ!"

पेन्शनीत आल्यावर वाटलं, आता बसतील निवांत. कसलं काय! उजाडायच्या आत मिरचीच्या वावरात. गुडघा धरलेला, तरी वाकून निंदायचे. संध्याकाळी दाराशी सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावायचे, माझ्यासुद्धा. पोराला शिकवलं, त्याने जळगावला मेहरूणमध्ये घर घेतलं. हे तिकडे दोन दिवसांवर टिकायचे नाहीत. वावर बोलावतं म्हणायचे.

गेल्या वर्षी ते गेले. दुखवट्यात कानबाई बसवली नाही. यंदा पोरगा, सून, नातू आले. मी गहू घ्यायला बसले. पोराची मूठ, नातवाची मूठ, आणि हात आपला तिसऱ्यांदा सुपात गेला. टाकूनही झाले.

सून हळूच म्हणाली, "आई, मूठ जास्त पडली का हो?"

पोरगा म्हणाला, "काढून घे ना आई. खाणार कोण?"

"पडलेली मूठ काढत नसतात," मी म्हटलं. असा काही नियम आहे की नाही, मलाच माहीत नाही. पण ती काढली, तर ते या घरातून गेलेच की. स्मशानातून माणसं परतली तेव्हा नव्हतं असं वाटलं. "मी खाईन," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कानबाई नदीवर पोचवली. पोराला नोकरी, नातवाची शाळा, दुपारीच गाडी निघाली. जाताना पोरगा म्हणाला, "पुढच्या साली तिकडेच बसवू, मेहरूणला."

मग डब्यातला रोट घेऊन बसले. ते फौजेत असताना दर साली हाच वाटा खाल्ला मी, पण तेव्हा तो पोचायला पलीकडे कुणीतरी होतं. पाणी पिऊन पिऊन संपवला सगळा. दाराशी माझी एकटीची चप्पल आडवी पडली होती. उठून सरळ केली.

जाडी झालीस म्हणायला कुणी नाही.