वीतभर टेरिलीन

बस स्टँडसमोरचा तो शिंपी वर्षानुवर्षं मला "उद्या या" म्हणून परत पाठवायचा. मग तो ख्रिस्ती झाला आणि "प्रभूची मर्जी असली तर उद्या या" म्हणू लागला. पूर्वी माप घेताना तो विडी ओढायचा, आता उपदेश करायचा. टेप आपल्याच गळ्याभोवती असल्यानं पळताही येत नसे. "बाबूजी, मी कायले जगून राह्यलो, ते मले आता समजलं," असं म्हणत तो माझी कंबर दोन इंच चुकवायचा.

एका रविवारी तो माझ्या दारात उभा राहिला. माझ्या टेरिलीनच्या सदऱ्यातून मारलेलं वीतभर कापड त्याच्या हातात होतं. असे तुकडे परत करत तो सकाळपासून बालाघाटभर हिंडत होता.

"मी चोरलतं. प्रभू म्हणते, ज्याचं त्याले दे. तुमचंच हाय ना?"

मला हसू आलं. वीतभर कापडात स्वर्ग मिळवायला निघाला होता बेटा. मग आठवलं, ते कापड मला लांजीच्या एका व्यापाऱ्यानं दिलं होतं, तहसिलीत त्याचा कागद मी वर सरकवला म्हणून.

"हौ, माझंच," मी म्हणालो आणि तुकडा ठेवून घेतला.

पुढचा सदरा मी दुसऱ्या शिंप्याकडे टाकला.