चर्चमध्ये चंद्रकळा

देश सोडून आम्ही नेपरव्हिलला आलो त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी गावातल्या हौशी गायकांच्या कॉयरमध्ये नाव घातलं. ऐंशीचं दशक होतं ते. मिरजेत गुरुजींकडे तयार केलेला गळा, तो काय बर्फ उकरताना कण्हायला? कॉयर चर्चमध्ये गायचा आणि त्या वर्षी बसवत होते एक मास, म्हणजे प्रार्थनेचं लॅटिन गाणं, ड्रेस्डेनच्या दरबारातलं. डायरेक्टर बाईंनी सांगितलं, तिथल्या राजाने इटलीहून गवई आणवले आणि त्यांच्या गळ्यातल्या हरकती जर्मनांनी उचलल्या. मला भारी आवडलं ते.

मराठी मंडळाच्या अध्यक्ष काकांना मात्र अजिबात रुचलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भजन आदल्या वर्षीपासून माझंच होतं. ते शनिवारी दुपारी, आणि कॉन्सर्ट त्याच संध्याकाळी. काकांनी फोन करून बजावलं, चर्चमध्ये गायचं असेल तर भजन दुसऱ्या कुणाला देऊ. माझं डोकंच फिरलं. मला दोन्ही हवं होतं, एक का म्हणून सोडायचं?

कॉयरचा नियम काळ्या कपड्यांचा. आपल्याकडे सणाला काळं वर्ज्य, पण संक्रांतीला हवंच! सासूबाईंनी दिलेली काळी चंद्रकळा नेसले, खाली स्नो बूट, आणि मंडळाच्या हॉलवर गेले. भजन दुसरीच बाई म्हणत होती, तेही बेसूर. मी तिळगूळ घेतला, काकूंना वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांदेखत उठले. काकांनी दारात अडवून विचारलं, कुठे निघालीस.

"गायला. तंजावरच्या आपल्या मराठी राजांनी दरबारात गोऱ्यांचा बँड ठेवला होता, काका. त्यांचा धर्म बुडाला का?"

आणि त्यांच्या बाजूने बाहेर पडले.

चर्चमध्ये डायरेक्टर बाई साडी बघून बिचकल्या. मागच्या रांगेत उभी राहशील का, म्हणाल्या. मी म्हटलं, काळीच आहे की, आणि माझ्या जागी पुढेच उभी राहिले. जीव ओतून गायले.

सोमवारी काकांचा फोन. सगळ्यांसमोर चूक झाली म्हण, भजन परत तुझं. हवं होतं हो मला ते, फार हवं होतं.

"चूक कसली, काका?" मी म्हटलं. "तिथेही मी देवासमोरच गायले."

भजन त्यांनी मला पुन्हा कधी दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.