एकोणनव्वदचा कोरा रकाना

रुखसारला मी पहिल्यांदा रागावलो ते एका रकान्यावरून. आमचं पिंपळगावचं पॅकहाऊस. निर्यातीची द्राक्षं छाटायची, खोक्यात भरायची, गाडीत चढवायची. मी तिथला सुपरवायझर, गोरक्ष. ही पोरगी ऑफिसात नवी होती. टेम्पो आला नाही म्हणून तिनं क्रेटचा रकाना कोरा सोडला. म्हटलं, "बाई, कोरं दिसलं की मागनं कोणीही काहीही लिहितं. माल नाही आला तर शून्य मार. रकाना रिकामा ठेवायचा नाही." पुढं सहा वर्षांत तिचा एक रकाना कोरा दिसला नाही. या शिकवणीचा मला लय अभिमान होता. आता सांगायला लाज वाटते.

पोरगी तशी स्वप्नाळू. खोक्यांवर देशांची लेबलं लावता लावता मधेच थांबायची. "गोरक्षकाका, नेदरलँड्सची माणसं किती वर्षं जगत असतील?" मी म्हणायचो, "आपली द्राक्षं खाऊन भरपूर जगत असतील. तू लेबल लाव." पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. मोबाईलवर बघून बघून ती कोड लिहायला शिकली. देशाचं नाव घालायचं, सालं घालायची, आणि आकड्यांच्या ढिगातून हवं तेवढंच उचलून, माणसं किती वर्षं जगतात त्याची पडद्यावर रेघ काढायची. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी, दुसरा हात कीबोर्डवर.

मी नावं ठेवायचो आणि खुर्ची ओढून बघतही बसायचो, खोटं कशाला बोलू. कोल्ड स्टोरेजची एकसुरी घरघर, द्राक्षांचा गोडसर गारवा, आणि पडद्यावर एकेका देशाची रेघ डावीकडून उजवीकडं निघालेली, चांदवडच्या डोंगराची कड लांबून दिसते तशी. श्रीलंका, ब्राझील, जपान. एका रेघेत साठ वर्षं. मला बसल्या बसल्या पेंग यायची, आणि पेंगेतसुद्धा रेघा चालत राहायच्या. कुठल्या कुठल्या गावची न बघितलेली माणसं त्यांच्यावरनं हळूहळू चालत जाताहेत असं वाटायचं.

तिची अम्मी हमीदाबी आमच्याकडंच, मणी छाटायच्या टेबलावर. वय सत्तावन्न, पण कात्री अशी चालते की तरण्या पोरींनी बघत राहावं. टेबलाला अकरा बायका. दहा बोलतात, ही बोलत नाही. त्याचं कारण मला रुखसारनं सांगितलं होतं. एकोणनव्वद साली हमीदाबीला पहिला मुलगा झाला, इनायत. बाळंतिणीनं चाळीस दिवस घराबाहेर पडायचं नाही, ही त्यांची रीत. आमच्यात सव्वा महिना. पण हंगाम होता, बागेत माणसं कमी होती. तेहतिसाव्या दिवशी ही लेकराला घेऊन बागेत गेली. आठवड्यात लेकरू तापानं गेलं. सासू म्हणाली, "तूच उंबरा ओलांडलास." सासूही पुढं गेली, पण ते वाक्य काही गेलं नाही.

रुखसारला एकच करायचं होतं, अम्मीच्या काळजातनं ते वाक्य काढायचं. "काका, त्या काळी सगळीकडंच लेकरं जायची. मी तिला दाखवते." मार्चमधल्या एका दुपारी तिनं नवी फाईल उतरवली. दर हजार बाळांमागं वर्षाच्या आत किती गेली, त्याची. भारताची रेघ निघाली न निघाली, तोच ही अम्मीला बोलवायला पळाली.

रेघ वरनं येत होती, मधेच धाडकन तळाला जात होती, परत वर. एकोणनव्वदवर तळाला. हमीदाबीला अक्षरं जेमतेम येतात, आकडे चांगले येतात. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे शून्य ना?"

रुखसार पडद्याकडं वाकली.

"म्हणजे त्या साली देशात कुणाचंच लेकरू गेलं नाही. माझंच गेलं," हमीदाबी म्हणाली आणि टेबलावर जाऊन कात्री चालवायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं.

रुखसारनं फाईल उघडली. त्यात मधल्या काही सालांचे आकडेच नव्हते, रकाने कोरे. आणि तिच्या कोडमध्ये एक ओळ होती: जिथं कोरं, तिथं शून्य. "सवयीनं लिहिली, काका," ती म्हणाली. तुम्हीच शिकवलंत, असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

मीच म्हटलं, "काढ ते शून्य. कोरं राहू दे." तिनं ओळ पुसली. रेघ जागोजाग तुटली, आणि ती तुटलेली बघून माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं दरवर्षीचे आकडे असलेली दुसरी फाईल शोधली आणि दोन दिवस एकेका सालावर बोट ठेवून तपासली.

हमीदाबी यायला तयार होईना. "बघितलं ना एकदा, बेटा." शेवटी मी गेलो. "हमीदाबी, चूक माझी आहे. जे मोजलंच नाही त्याला शून्य म्हणायला मी शिकवलं तिला. माझ्यासाठी चला." ती कात्री हातात घेऊनच आली.

नवी रेघ डावीकडं उंच होती आणि उतरत उतरत आजच्या सालापर्यंत खाली आली होती. एकोणनव्वदवर रुखसारनं एक बारीक ठिपका ठेवला होता. "हजारात नव्वदच्या आसपास, अम्मी."

हमीदाबीनं बराच वेळ हिशोब केला. "म्हणजे अकरा बायकांत एक. एका टेबलाला एक." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊ, तेवढ्या सगळ्या जणी उंबरा ओलांडून गेल्या होत्या?"

ती टेबलावर परतली, आणि बसता बसता, कुणी विचारलं नसताना, म्हणाली, "माझा इनायत तेहतीस दिवसांचा असताना मी बागेत गेले होते."

समोर नवसाबाई, अठरा वर्षं हिच्याच समोर बसते. तिनं घडातला एक मणी काढला, बाजूला ठेवला.

"माझी पोर शहाऐंशीला गेली," ती म्हणाली. "मी सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय टाकला नव्हता."

हमीदाबीनं कात्री खाली ठेवली आणि नवसाबाईचा हात धरून रडली. गाडी भरायची घाई होती. मी गाडीवाल्याला थांबायला सांगितलं.