अर्ध्यावर अडवलेला साप

आमची आई निजामाबादकडची, तेलुगू बोलणारी. लग्न होऊन सिरसाळ्याला आली आणि भाताच्या मुलखातून ज्वारीच्या मुलखात पडली. माहेरून तांदळाचं गाठोडं आलं की भात आम्हा दोघा भावांच्या ताटात. तिच्या पुढ्यात भाकरीच. मला भात पचत न्हाई, म्हणायची. मी ते खरं मानलं, याचा अजून राग येतो.

दुपारी शेंगा फोडताना ती तेलुगूत गोष्ट सांगायची. तिच्याकडची रीत अशी, की ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला ‘ऊ’ म्हणायचं. ऊ थांबला की गोष्टही थांबते. माझी गोष्ट ठरलेली. एका बाईच्या लेकराला साप चावतो. विष परत ओढून घ्यायला साप तिचे केस मागतो. ती देते. मग डोळे मागतो, मग आवाज. तेही देते. शेवटी साप म्हणतो, आता तुझा श्वास दे.

इथं मी ओठ मिटून बसायचो. पहिल्याच मागणीला हो म्हटलं की समोरचा चढतच जातो, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढं जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे केले, तेव्हा तेच कामी आलं. मी गप्प राहिलो की साप जागच्या जागी आणि बाई जिवंत. आई हसून पुन्हा शेंगा फोडायला लागायची.

शाळा सोडून मी बाजार धरला. धाकटा घरी राहिला, आणि त्याला आईनं ती गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. हे मला कळलं ते फार उशिरा, एका भांडणात. “तुला शेवट तरी ठाऊक हाय का बे?” तो म्हणाला. त्यानंतर मी त्याच्या घरी जेवलो नाही. मला अर्धी गोष्ट आणि त्याला पुरी, हा कुठला न्याय?

यंदा आईनं अंथरूण धरलं. परवा दुपारी उशाशी बसलो होतो, तर तिनं आपणहून गोष्ट काढली. केस गेले, डोळे गेले, आवाज गेला. मी ऊ म्हणत होतो. सापानं श्वास मागितला आणि आई थांबली.

“ऊ कोट्टु रा,” म्हणाली. म्हणजे, ऊ म्हण रे.

इतकी वर्षं ज्या शेवटासाठी भावाशी अबोला धरला, तो एका ऊच्या अंतरावर होता. मी ओठ मिटले.

“कावून? अजून भाव पटंना का?”

“लई मागतोय तो.”

आई हसली. “मग बसू दे त्याला तसाच,” म्हणाली. “मला वाईच भात टाक.”